त्या खोलीची किल्ली

काकू, सप्रेम नमस्कार.

मी अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यातली. विद्यापीठात एम. ए. मराठीच्या पहिल्या वर्षाला आहे, होस्टेलवर राहते. मला रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे. आठवीपासून रात्रीचं दिसणं कमी झालं, आता दिवसाही नळीतून बघावं तसं समोरचं तेवढंच दिसतं. छापील पान दहा मिनिटं वाचलं की अक्षरं पोहायला लागतात.

ग्रंथालयात दिव्यांगांसाठी वेगळी खोली आहे, पण तिला कुलूप असतं. किल्ली ज्या सरांकडे आहे ते बहुतेक दुसऱ्या इमारतीत असतात. दोनदा उघडून मिळाली. कॉम्प्युटर बोलायला लागला आणि चाळीस मिनिटांनी गप्प झाला. परत सुरू केला, परत तेच. विभागाच्या नोट्सची पीडीएफ लावली तर नुसतं "डी, के, आय" असं काहीतरी बडबडतो. पुस्तक स्कॅन करून मागितलं तर "कॉपीराइट आहे" म्हणाले. तिथल्या शिपाई मावशी सहज बोलून गेल्या, "तुले दिसत नाही तं लायब्ररीत कायले येतं वं?" त्या वाईट नाहीत, पण ते वाक्य डोक्यातून जात नाही.

दिव्यांगाचं सर्टिफिकेट काढलेलं नाही. बाबा म्हणतात, सोयरीक जमायला अडचण होईल. एप्रिलमध्ये परीक्षा आहे. मैत्रिणी वाचून दाखवतात, पण त्यांनाही त्यांचा अभ्यास आहे. शिकणं सोडू का?

*

प्रिय बेटा,

सोडू नकोस. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. डोळ्यांचा आजार बाजूला ठेवला तर त्यातली एकेक अडचण माणसांनी उभी केलेली आहे, आणि बऱ्याचशा अशा आहेत की एखाद्याने मनावर घेतलं तर आठवडाभरात सुटाव्यात. मी एकतीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढली, त्यामुळे कुठे काय अडतं ते मला आतून माहीत आहे. परीक्षा तोंडावर आहे म्हणून आधी नोट्सचं बघू.

तो कॉम्प्युटर जे समोर आहे तेच प्रामाणिकपणे वाचतोय. तुमच्या नोट्स बहुधा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या आहेत. या फॉन्टच्या फाइलीत मराठी अक्षर नसतंच. आत इंग्रजी अक्षरं असतात आणि फॉन्ट त्यांना मराठी अक्षरांचं रूप देतो. टाइप करणाऱ्याने 'कापूस' लिहायला डी, के, आय, डब्ल्यू, एल या कळा दाबल्या. माणसाच्या डोळ्यांना 'कापूस' दिसतो, यंत्राला मात्र 'डी के आय डब्ल्यू एल' सापडतं आणि ते तेच बोलतं. 'राम' लिहिला असेल तर 'जे के ई' म्हणेल. डोळस माणसाला जन्मभर याचा पत्ता लागत नाही. म्हणून तुझे सर "फाइल तर बरोबर आहे" म्हणाले तर वाद घालू नकोस. हेडफोन त्यांच्या हातात दे आणि एक परिच्छेद त्यांना ऐकू दे. मी हे तीन प्राध्यापकांच्या बाबतीत केलं होतं. तिघांनीही अर्ध्या मिनिटात हेडफोन काढला आणि मूळ फाइल पाठवून दिली.

त्या मूळ वर्ड फाइली मागून घे. कृतिदेवचा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत, बदलून देणारे कन्व्हर्टर इंटरनेटवर फुकट आहेत. रफार आणि जोडाक्षरांत काही चुका राहतात, त्या एखाद्या मैत्रिणीकडून तपासून घ्यायच्या. रोज तासभर वाचून दाखवण्यापेक्षा एकदा तपासून देणं तिलाही हलकं जाईल. मूळ फाइलच हरवली असेल तर पीडीएफच्या पानांची आधी चित्रं करायची आणि ती ओसीआरला द्यायची, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करून देणाऱ्या सॉफ्टवेअरला. टेसरॅक्ट नावाचं फुकट सॉफ्टवेअर मराठी ओळखतं, गूगल ड्राइव्हमध्येही ही सोय आहे. चित्रं आधी करायला सांगते ते एवढ्यासाठी की पीडीएफ तशीच दिली तर आतली इंग्रजी अक्षरंच पुन्हा उचलली जाण्याची भीती असते.

एक सावध करते. ओसीआर भ आणि म, घ आणि ध, ब आणि व यांत गोंधळतं. आधुनिक गद्यात 'घर'चं 'धर' झालं तर आपण संदर्भाने सावरून घेतो. महानुभाव पंथाचं जुनं गद्य वाचताना तसं होत नाही. तिथे शब्दच अनोळखी, त्यामुळे चूक चूक आहे हेच कळत नाही. तो पेपर तुला असणारच. त्याची पानं माणसाने मूळ पुस्तकाशी ताडून पाहिल्याशिवाय वापरू नकोस. रिद्धपूरच्या मातीत घडलेलं ते गद्य आपल्या जिल्ह्यातल्या पोरीने चुकीचं पाठ करावं, हे मला सहन होणार नाही.

आता ते चाळीस मिनिटांचं. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला स्क्रीन रीडर म्हणतात. विकतच्या स्क्रीन रीडरचा परवाना नसला की तो नमुना म्हणून चाळीस मिनिटं चालतो, मग कॉम्प्युटर पुन्हा सुरू करेपर्यंत बोलत नाही. परवान्यासाठी कोटेशन, मंजुरी, खरेदी समिती असं सगळं आलं. त्याची वाट बघत बसू नकोस. एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर पूर्ण फुकट आहे. ऑस्ट्रेलियात मायकल करन या स्वतः अंध असलेल्या तरुणाने २००६ मध्ये त्याचं काम सुरू केलं, आज तो जगभर वापरला जातो. त्याची एक प्रत पेन ड्राइव्हवर करून ठेवता येते, कॉम्प्युटरवर बसवावी लागत नाही. पेन ड्राइव्ह लाव, सुरू कर, काम झालं की काढून घे. इन्सर्ट धरून खालचा बाण दाबलास की तो सलग वाचत जातो, कंट्रोल दाबलंस की थांबतो. पहिल्या दिवशी या दोन कळा पुरेत. त्यातला मराठी आवाज कोरडा, यंत्रासारखा वाटेल. पंधरा दिवस दे, कान सरावतो. मग तूच वेग वाढवशील. मुरलेली मुलं इतक्या वेगाने ऐकतात की शेजारच्याला एक शब्द कळत नाही.

मोबाइलवर पडद्यावरचं वाचून दाखवणारं टॉकबॅक आहेच, सेटिंगमध्ये सापडेल. मराठी आवाज एकदा होस्टेलच्या वायफायवर उतरवून घे, मग गावाला गेल्यावर नेटवर्क नसलं तरी तो चालतो. पुस्तकंही तशीच भरून ने. लाइटचं काय सांगावं, तुला माहीत आहेच. चार्जिंग करून ठेवत जा.

इथे माझं एक ठाम मत सांगते, तुला कडू लागलं तरी. थोडं दिसतंय तोवरच ऐकून वाचायला शीक. आहे त्या नजरेने ओढायचं आणि पुढचं पुढे बघू, असं पुष्कळ जण करतात. मग एखाद्या वर्षी नजर आणखी आक्रसते, त्याच वर्षी परीक्षा असते, आणि नवं यंत्र, नवी सवय, मनाचं दुखणं सगळं एकदम अंगावर येतं. आत्ता कळफलक दिसतो आहे, पडद्यावर कुठे काय आहे ते दिसतं आहे, तोवर बोटांना सवय लाव. डोळ्यांनी जेवढं वाचता येईल तेवढं वाच. ब्रेलचंही तेच. सहा टिंबांत सगळी मराठी बसते, आणि कवितेची ओळ कुठे तुटली ते बोटाला जितकं नेमकं कळतं तितकं कानाला कळत नाही. ब्रेल सावकाश शीक, त्याची एप्रिलपर्यंत घाई नाही.

कॉपीराइटचं उत्तर नीट पाठ कर, कारण ते तुला पुन्हा पुन्हा द्यावं लागेल. कॉपीराइटचा कायदा १९५७ चा. त्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली आणि कलम ५२ मध्ये एक नवा खंड आला. दिव्यांग व्यक्तीला वाचता यावं म्हणून कोणतीही कृती तिला चालेल अशा स्वरूपात करून देणं, तिच्या खासगी वापरासाठी, शिक्षणासाठी किंवा संशोधनासाठी, हा हक्कभंग धरला जात नाही. दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या संस्थांना आणि ग्रंथालयांनाही ना नफा तत्त्वावर ही मुभा आहे. पुढे २०१४ मध्ये माराकेश कराराला सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारतच होता, आणि तो करार याच कामासाठी आहे. तेव्हा तुला नकार देणाऱ्यांना राग न येऊ देता सांग, की सर, कायदा वाचून बघा. तुझी बाजू मात्र तूही सांभाळ. ती फाइल वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायची नाही. ही सवलत तुझ्या डोळ्यांसाठी आहे, सगळ्या वर्गाला पुस्तक फुकट मिळावं म्हणून नाही.

आता एक माझी चूक सांगते, ती तुझ्या उपयोगाची आहे. १९९८ च्या सुमारास आमच्या कॉलेजात एक अंध मुलगा बी. ए.ला होता. मी त्याच्यासाठी इतिहासाचं एक पुस्तक कॅसेटवर वाचून भरलं. नव्वद मिनिटांच्या अकरा कॅसेटी झाल्या. दुपारी वाचनालय रिकामं झालं की पंखा बंद करून बसायची, आवाज येऊ नये म्हणून. मे महिना होता. मला वाटलं, केवढं काम केलं. आठ दिवसांनी तो पोरगा आला आणि अगदी अवघडून म्हणाला, "मॅडम, चौथं प्रकरण कोणत्या कॅसेटवर आहे?" मी प्रकरणाचं नाव वाचलं होतं, पण कॅसेट सुरू होताना काही सांगितलं नव्हतं. पान क्रमांक तर एकही बोलले नव्हते. मास्तर वर्गात "पान एकशे बारा उघडा" म्हणाले की सगळा वर्ग उघडायचा आणि तो बसून राहायचा. एक तारीख शोधायला अख्खी कॅसेट पुढेमागे करत बसायचा. मी त्याला पुस्तक दिलं होतं, पण उघडता न येणारं.

म्हणून तुझ्यासाठी कुणी काही वाचून भरत असेल तर पहिली अट ही घाल: प्रत्येक पानाच्या सुरुवातीला पान क्रमांक बोलायचा, प्रत्येक प्रकरणाची वेगळी फाइल करायची, फाइलीला नाव नीट द्यायचं, तळटीप आली की "तळटीप" म्हणायचं आणि संपली की "तळटीप संपली" म्हणायचं. डेझी स्वरूपाची पुस्तकं नेमकी याचसाठी निघाली. त्यात प्रकरणावरून प्रकरणावर, पानावरून पानावर उडी मारता येते. तुला एम. ए.ला संदर्भ द्यायचे आहेत, पान क्रमांकाशिवाय तुझं चालणारच नाही.

'सुगम्य पुस्तकालय' नावाचं ऑनलाइन ग्रंथालय २०१६ पासून आहे. डेझी फोरम ऑफ इंडियाच्या सदस्य संस्थांमार्फत त्यात नाव नोंदवता येतं आणि पुस्तकं उतरवून घेता येतात. नोंद करून ठेव. पण तुमच्या अभ्यासक्रमातलं एकेक मराठी पुस्तक तिथे मिळेल असं धरून चालू नकोस. त्यासाठी तुझ्याच ग्रंथालयाला कामाला लावायला हवं. आणि इथे कुलपाचा प्रश्न येतो.

तोंडी मागणं आता बंद कर. तोंडी मागितलेल्या गोष्टीला कुणीच जबाबदार नसतं. एक पानाचा अर्ज लिही, ग्रंथपालांच्या नावे, प्रत समान संधी कक्षाला आणि विभागप्रमुखांना. दोन प्रती ने, एक द्यायची आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यायचा. शिक्का मिळेपर्यंत खिडकी सोडायची नाही. अर्जात "सहकार्य करावे ही विनंती" एवढंच लिहिलंस तर उत्तरही तसंच मोघम येईल. नेमकं माग. त्या खोलीची किल्ली देवघेव काउंटरवर राहावी आणि ग्रंथालय उघडं असेल तोवर मिळावी. वाचनकक्षातल्या निदान दोन कॉम्प्युटरवर एनव्हीडीए बसवावा, म्हणजे मला वेगळं कोंडून बसावं लागणार नाही. या सेमिस्टरच्या पुढील सहा पुस्तकांचा तपासलेला युनिकोड मजकूर अमुक तारखेपर्यंत मिळावा. त्या सहांची नावं, लेखक आणि ग्रंथालयातले दाखल क्रमांक लिही. दाखल क्रमांक लिहिलेला अर्ज बाजूला सारता येत नाही, हे मी काउंटरच्या आतल्या बाजूने सांगते.

आधार म्हणून दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ चा उल्लेख कर. त्याच्या कलम १६ प्रमाणे अनुदानित आणि मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांनी प्रत्येकाच्या गरजेनुसार वाजवी सोय करून द्यायची असते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये उच्च शिक्षणसंस्थांसाठी सुगम्यतेच्या मार्गदर्शक सूचनाही काढल्या आहेत. अर्जात एवढं पुरे. पानभर कलमं लिहिलीस तर अर्ज विधी विभागाकडे जाईल आणि तिथेच राहील. दाद लागली नाही तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांचा दरवाजा आहे, पण माझा अनुभव असा की शिक्का असलेला दुसरा अर्ज आला की बहुतेक वेळा किल्ली सापडते.

ग्रंथपालांना एक सुचवून बघ. सहा पुस्तकं तपासायला त्यांच्याकडे माणसं नाहीत हे खरं असेल. अनेक ठिकाणी मंजूर पदंच भरलेली नाहीत. पण राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं आहेत. एकेकाने वीस वीस पानं मूळ पुस्तकाशी ताडून द्यायची, वर्षाचे तास त्यात मोजायचे. तपासलेली फाइल ग्रंथालयात जतन राहील, पुढच्या वर्षी तुझ्यासारखी दुसरी कुणी आली तर तिला तयार मिळेल.

सर्टिफिकेटचं आता टाळू नकोस. तुझ्या आजारात समोरचं स्पष्ट दिसतं म्हणून लोकांना वाटतं, हिला काय झालंय. कायदा नुसता चष्म्याचा नंबर बघत नाही. नजरेचा आवाका ४० अंशांहून कमी असेल तर ती अल्पदृष्टी, १० अंशांहून कमी असेल तर अंधत्व. आवाका मोजायची वेगळी तपासणी असते, ती झाली पाहिजे असं डॉक्टरांना स्पष्ट सांग. यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या पोर्टलवर नोंदणी कर आणि तारीख मिळाली की अमरावतीला इर्विन रुग्णालयात जाऊन ये. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व नोंदलं गेलं की परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळ मागता येतो. केंद्राच्या सूचनांप्रमाणे तासाला निदान २० मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. परीक्षा विभागाकडे हा अर्ज आधीच करावा लागतो, आदल्या दिवशी काही होत नाही. उच्च शिक्षणात ५ टक्के आणि सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण याच कागदावर मिळतं.

बाबांशी बोलताना त्यांच्या भीतीला हसू नकोस, ती खोटी नाही. आपल्याकडे बैठकीत पोरीबद्दल काय काय विचारतात ते मी पाहिलं आहे. पण त्यांना एवढंच विचार, बाबा, लपवून सोयरीक जमली आणि महिनाभराने अंधारात माझा पाय उंबऱ्याला अडला, तर तेव्हा माझ्या बाजूने कोण उभं राहील? आजार लपवून पोरगी देण्यापेक्षा पगाराची नोकरी असलेली पोरगी घरात असणं मला तरी बरं वाटतं. परतवाड्याजवळच्या वझ्झरला अनाथ दिव्यांग मुलांना सांभाळणाऱ्या शंकरबाबा पापळकरांच्या छायेत वाढलेली माला पापळकर त्यांना माहीत असेल. ती अंध आहे आणि २०२४ मध्ये एमपीएससीतून लिपिक-टंकलेखक पदासाठी निवडली गेली. दूरचं उदाहरण नाही, आपल्याच जिल्ह्यातलं आहे. बाबा तरीही ऐकत नसतील तर गावातल्या शाळेतले तुझे एखादे जुने सर मध्ये घाल. बाप मास्तरचं ऐकतो.

आणखी एक. तुला कुणी ना कुणी माधानच्या गुलाबराव महाराजांचं उदाहरण देईल, "ते नव्हते का अंध? सव्वाशेवर ग्रंथ केले." खरं आहे. बाळपणीच दृष्टी गेली, १८८१ ते १९१५ एवढंच आयुष्य, आणि प्रज्ञाचक्षू म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. पण हे उदाहरण पोरांना मुकाट सोसायला सांगण्यासाठी वापरलं की मला राग येतो. महाराजांना ग्रंथ वाचून दाखवणारी माणसं होती, ते सांगतील ते लिहून घेणारी माणसं होती. त्यांनाही ग्रंथ कुणीतरी पोचवावाच लागला. आज ते काम ग्रंथालयाचं आहे, आणि तिथल्या लोकांना त्याचा पगार मिळतो.

राहिल्या शिपाई मावशी. त्यांच्यावर रुसू नकोस. पेन ड्राइव्ह घेऊन पहिल्यांदा जाशील त्या दिवशी एक हेडफोन त्यांच्या कानाला लाव आणि कॉम्प्युटरला मराठी कविता वाचायला लाव. त्यांचा प्रश्न खराच प्रश्न होता, त्यांना कुणी हे दाखवलंच नव्हतं. आणि किल्ली कुठे असते हे ग्रंथालयात सगळ्यांत आधी शिपाई मावशीलाच माहीत असतं.

अर्ज सोमवारीच दे. आवक क्रमांक मिळाला की मला कळव. सहा पुस्तकांची यादीही पाठव. त्यातलं महानुभाव गद्याचं पुस्तक माझ्या घरी असण्याची शक्यता आहे. असेल तर त्याचं ताडून बघायचं काम मी स्वतः करते, या वेळी पान क्रमांकासकट.

तुझी काकू